झाकण ठेवलेला ग्लास

सोमवारचं सोडा. ते उद्घाटन होतं.
पाच पाहुणे, पाच ग्लास, पाची तसेच परत.
भाषणंही बाटलीबंद होती सगळी.

खरा सप्ताह मंगळवारी सुरू झाला,
नद्यांवर बोलणाऱ्या बाई आल्या तेव्हा.
जिच्यावरून गावाला नाव पडलं
तिला तुम्ही नाला म्हणता, एवढं म्हणाल्या
आणि ग्लास एका दमात संपवून
बुडाशी बघत राहिल्या.
पुन्हा भरायला जावं की नाही, मला कळेना.

बावीस वर्षं मी या सभागृहात पाणी ठेवते.
घोट घोट पिणारा वेळेत संपवतो.
झाकणाशी खेळणारा घाबरलेला असतो.
जो हातही लावत नाही
त्याच्या दिवशी चहा दोनदा गरम करावा लागतो.

पोस्टातून रिटायर झालेले रंगारी साहेब
रोज येतात इंदोऱ्याहून, सायकलवर, कानटोपी घालून.
रोज हात वर करतात:
माझा प्रश्न नाही, दोन शब्द आहेत.
दोनाचे दोनशे होतात. पोरं हसतात.
शिक्क्याची शाई सुकेपर्यंत थांबावं
तसे ते थांबतात, आणि पुढे बोलतात.

गुरुवारी लाइट गेली.
आकाशावर बोलणारे म्हातारे सर स्लाइडच्या मधेच अडकले,
भिंतीवर होता तो तेजोमेघ विझला.
माइकवाला किसना वायरी हुंगत फिरला.
सर म्हणाले, राहू दे बे, उलट बरं झालं,
आणि साध्या गळ्यानं बोलू लागले.
अंधारात तीनशे माणसं
एका माणसाचा श्वास ऐकत होती.
मी टॉर्च घेऊन ग्लास द्यायला गेले
तर मलाच म्हणाले,
कायले उभ्या राहून राहिल्या बाई, बसा ना.

बसले.
ज्या खुर्च्या हजारदा पुसल्या, ओढल्या, रचल्या
त्यांतल्या एकीत पहिल्यांदा.
डावा हात डुगडुगतो तिचा.
कोणी सांगितलं नव्हतं कधी.

शुक्रवारी दंडारवाले आले, भंडाऱ्याकडचे.
फाटकावरच वॉचमननं खर्रा काढून ठेवायला लावला
म्हणून थोडी बाचाबाची झाली, मग तेच त्यांनी
गाण्यात घातलं, कुलसचिवांसमोर.
पाण्यासाठी ट्रे धरला तर
म्होरक्या म्हणाला, नळ कुठं आहे तेवढं सांगा माय.
साडी नेसलेला पोरगा ओंजळीनं प्याला,
मिशीची कोर पदरानं टिपली
आणि पुन्हा बाई होऊन मंचावर गेला.

व्हरांड्यात चित्रं लागली होती आठवडाभर.
जाता येता झाडू मारताना दिसायची,
पाहिली नव्हती.
शनिवारी किसनानं ओढत नेलं.
उमरेडचा कोणी भूपेश मडावी, दुसऱ्या वर्षाचा:
एक स्टीलचा ग्लास, वर झाकण,
आणि एक हात, मनगटाशी हिरवी काकणं,
अंगठ्यावर भाजल्याचा डाग.
माझा डाग.
खाली चिठ्ठीवर नाव: प्रमुख पाहुणे.
मी हात पदराखाली घेतला.
का घेतला, ते आजही सांगता येत नाही.

शेवटचं व्याख्यान शब्दकोशावर. अकरा माणसं,
त्यांत दोघं चुकून आलेली.
रंगारी साहेबांनी हात वर केला.
आज प्रश्न आहे, म्हणाले.
जे शब्द आमच्या आईनं वापरले
आणि तुमच्या कोशात नाहीत,
ते आता कोणाच्या पत्त्यावर पाठवायचे?

वक्ते काही बोलले नाहीत.
त्यांनी ग्लासाकडे हात नेला,
झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.
पोरं हसली नाहीत.

रात्री कुलूप लावताना व्हरांडा रिकामा होता,
भिंतीला नुसते खिळे.
मी ग्लास विसळला, उपडा ठेवला.
डुगडुगत्या हाताची ती खुर्ची
रांगेत कुठे गेली, सापडली नाही.

सोमवारी इथं संख्याशास्त्राचा पेपर आहे.
माठ भरायला सकाळी सातला यायचं आहे.